राजधानीचे पाणी : देवगिरी ते नागसेनवन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या वसतिगृहातील मुलांची हिवाळी सहल घेऊन मी दौलताबादला गेलो होतो. किल्ला चढून उतरल्यावर सर्व मुले सावलीत डबा खात बसली होती. इयत्ता आठवीतील एका मुलाने मला विचारले, "सर, राजवाडा बघितला, तोफ बघितली, मिनार बघितला; पण आपली माणसं इथं कुठं राहत होती?"

इतिहास विषयात एम. ए. करून आणि वीसएक वर्षे तोच विषय शिकवूनही त्या क्षणी माझ्याजवळ नेमके उत्तर नव्हते. "गावाबाहेर", एवढेच मी म्हणालो. मुलगा गप्प झाला. मला मात्र तो प्रश्न सोडीना. पुढील प्रत्येक सहलीत मी त्याच परिसराकडे त्या प्रश्नाच्या अंगाने पाहू लागलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला दिलेले उशिराचे उत्तर होय. तो विद्यार्थी आज स्वतः पालक झाला आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने हे उत्तर त्याच्यापर्यंत आणि त्याच्यासारख्या सर्व माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, ही इच्छा आहे.

राजधानी पाहण्याची रीत

ऐतिहासिक स्थळ पाहण्याची आपली एक ठरलेली पद्धत आहे. फलक वाचायचा, राजाचे नाव आणि सन वहीत उतरवायचा, छायाचित्र काढायचे आणि पुढे जायचे. या पद्धतीने राजा कळतो, राजधानी कळत नाही. राजधानी म्हणजे केवळ सिंहासनाची जागा नव्हे. हजारो माणसांना रोज अन्न, पाणी आणि निवारा लागतो. ती व्यवस्था ज्या श्रमांवर उभी असते, त्या श्रमांसह दिसणारे शहर म्हणजे राजधानी.

म्हणून मी मुलांना तीन प्रश्न देतो. येथे पाणी कोठून आले? हा दगड कोणी घडवला? आणि आत येण्याची मुभा कोणाला होती? या तिन्हींत पाण्याचा प्रश्न पहिला. पाण्यावाचून राजधानी टिकत नाही, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे ओंजळभर पाणी घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हते. माणूस म्हणून आपली गणना होते की नाही, याचा निवाडा या देशात पाणवठ्यावर होत आला आहे. त्यामुळे पाण्याची वाट धरून निघालो, की राजधानीचा खरा नकाशा उलगडू लागतो.

देवगिरी, खडकी, औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर हा सारा एकच परिसर. जुने शहर आणि दौलताबादचा किल्ला यांत अंतर सुमारे १५ किलोमीटर. एवढ्या टापूत निरनिराळ्या काळांतील राजधान्या नांदून गेल्या. दोन दिवसांत पायी आणि एस. टी.ने पाहता येईल असा हा पाठ आहे.

देवगिरी : कापलेला डोंगर

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरी ही आपली राजधानी केली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने तिच्यावर स्वारी केली, तेव्हा गादीवर रामचंद्र ऊर्फ रामदेवराय होता. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झाले. पुढे बहमनी आणि निजामशाही आली. १६३३ मध्ये किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. हा सनावळीचा भाग पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून येथे एवढ्यावरच थांबतो.

प्रत्यक्ष किल्ल्यापुढे उभे राहिल्यावर नजरेत भरतो तो तासलेला डोंगर. सुमारे दोनशे मीटर उंचीच्या या टेकडीचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासून भिंतीसारखा गुळगुळीत केला आहे. त्याच्या पायथ्याशी खडकातच खंदक खोदला आहे. आत शिरण्यासाठी एक अरुंद पूल आणि त्यापुढे 'अंधारी' नावाचा वळणावळणांचा काळोखा बोगदा. शत्रूला भुलवण्याच्या युक्त्यांचे वर्णन मार्गदर्शक रंगवून सांगतात, आणि मुलांना ते आवडतेही. पण त्या तासलेल्या कड्यावर छिन्नीचे जे घाव पडले असतील, त्यांची मोजदाद कोणी करीत नाही. ज्या हातांनी हा डोंगर कापला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला शिकवले गेलेले नाही.

येथे मी मुलांना संत चोखामेळा यांची आठवण करून देतो. मंगळवेढ्याच्या वेशीजवळील कोटाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून १३३८ मध्ये त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. मंगळवेढा येथून दूर आहे. पण काळ तोच, यादवांची सत्ता संपून फार वर्षे लोटलेली नव्हती. ज्या समाजाला कोटाच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती, त्याच समाजातील माणसे कोटाचे दगड रचत होती आणि त्याखाली मरतही होती. आठवीतील त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. आपली माणसे राहत होती भिंतीबाहेर. पण भिंतीत त्यांचे श्रम होते.

पाण्याची व्यवस्थाही पाहण्याजोगी आहे. किल्ल्यात शिरल्यावर थोड्याच अंतरावर 'हत्ती हौद' नावाचा प्रचंड तलाव लागतो. आसपासच्या डोंगरांतील पाणी अडवून ते भाजलेल्या मातीच्या नळांनी वस्तीत आणले जाई. पडणारा पाऊस साठवणे, उताराचा उपयोग करून पाणी पुढे नेणे, गाळ खाली बसू देणे हे सारे शास्त्र त्या कारागिरांना अवगत होते. विज्ञानाच्या शिक्षकांनी सहलीला सोबत यावे, असा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

१९३४ : दरवाजातील तहान

याच किल्ल्याच्या दरवाजात एक प्रसंग घडला आहे. तो सांगणारा फलक मात्र माझ्या पाहण्यात कधी आला नाही. तो प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आत्मकथनपर टिपणांत नोंदवून ठेवला आहे.

१९३४ साल. चळवळीतील सहकाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, हे आधीच ठरले होते. तीसएक मंडळी नाशिकहून येवल्यामार्गे मोटारींनी निघाली. हा परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय सोसावे लागते याची जाणीव असल्याने दौऱ्याचा गाजावाजा मुद्दामच केला नव्हता. दौलताबादला वेशीपाशी तेथील आपली माणसे वाट पाहत उभी होती. आधी चहा घ्या, असा त्यांचा आग्रह होता. परंतु अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहून व्हावा म्हणून मंडळी थेट पुढे गेली.

प्रवासात अंगावर धुळीचे थर चढले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौद होता. काही जणांनी त्याच्या फरसबंदीवर हातपाय-तोंड धुतले आणि सर्व जण दरवाजात आले. आत जाण्याच्या परवानगीची विचारपूस चालू असतानाच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ मागून ओरडत आला, की या लोकांनी हौद बाटवला. पाहता पाहता जमाव जमला. शिवीगाळ सुरू झाली. स्थानिक अस्पृश्यांवरही राग निघाला. अखेर बाबासाहेबांनी संतापून सरळ प्रश्न केला : तुमचा धर्म हेच शिकवतो काय? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्याला तुम्ही या हौदावर अडवाल काय? त्यावर जमाव निरुत्तर झाला. पुढे परवानगी मिळाली ती एका अटीवर. किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. ही अट मोडली जाऊ नये म्हणून एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला.

अर्थशास्त्राचा जागतिक कीर्तीचा पंडित, बॅरिस्टर, गोलमेज परिषदांना उपस्थित राहिलेला नेता जुनी राजधानी पाहायला आला होता, आणि त्याच्या पहाऱ्याला शिपाई दिला होता पाण्यासाठी.

हा प्रसंग सांगताना मी एक पथ्य पाळतो. तो कोणा एका धर्माच्या माणसांविरुद्ध राग धरण्यासाठी सांगायचा नाही. महाडला तळे 'शुद्ध' करून घेणारे कोण होते, हे आपण जाणतोच. हिंदूंनी मानलेली अस्पृश्यता इतरांच्या मनातही कशी झिरपते, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी तो लिहिला. वाटेत लागलेल्या त्याच येवल्यात पुढील वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दौलताबादच्या दरवाजातील प्रश्न आणि येवल्याची घोषणा यांत फार अंतर नाही, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

खडकी : गुलामाने वसवलेली राजधानी

दौलताबादहून शहराकडे परतताना इतिहासात एक विलक्षण माणूस भेटतो. मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेतील इथिओपियात जन्मलेला, चापू हे मूळ नाव असलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. हात बदलत बदलत तो दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हा स्वतःही एके काळी गुलाम असलेला हबशी होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर कोसळणारी निजामशाही अंबरने सावरली, आणि १६१० मध्ये खडकी या गावी नवे शहर वसवले. पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्ध झाले ते हेच.

मोगल बादशहा जहांगीर त्याचा इतका द्वेष करी, की त्याच्या दरबारी चित्रकाराने अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बादशहा बाण मारीत आहे असे चित्र रंगवले. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये वृद्धापकाळाने मरण पावला. जहांगीरचा बाण चित्रापुरताच राहिला. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची खूण म्हणून अंबरने उभारलेला भडकल दरवाजा आजही शहरात दिमाखाने उभा आहे. त्याच्यालगत बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि १४ एप्रिलला तेथे लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दोन स्मारकांचे शेजार वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तथापि अंबरचे थोर स्मारक जमिनीवर नसून जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे झिरपणारे पाणी भूमिगत बांधीव नाल्याने त्याने शहरात खेळवले. 'नहरे अंबरी' या नावाने ती व्यवस्था ओळखली जाते. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या हिशेबाने पाणी वाहत येते. मध्येच स्वच्छतेसाठी उतरता येईल अशी तोंडे ठेवली आहेत. पुढील शतकात याच धर्तीवर आणखी नहरी निघाल्या आणि वाढत्या शहराची तहान भागली.

ज्याला बाजारात विकले गेले त्याने शहराला पाणी दिले. मुलांनी वहीत लिहून घ्यावे असे हे वाक्य आहे. थोरवी जन्माने येत नाही, या सिद्धान्ताला यापेक्षा ठसठशीत उदाहरण शिक्षकाला सहसा मिळत नाही. वेळ असल्यास वेरूळच्या वाटेवर खुलदाबादला त्याची कबर पाहावी.

मकबरा आणि पाणचक्की

१६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहराला त्याचे नाव मिळाले. पुढे हैदराबादच्या निजामांचीही पहिली राजधानी हीच. १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली. या काळाच्या वास्तूंत बहुतेक प्रवासी बीबी का मकबरा पाहतात. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची ही कबर. ताजमहालाशी तुलना करून तिला उणे ठरवण्याची एक चाल पडली आहे. त्याऐवजी मुलांनी खालचा संगमरवर कोठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कोठे सुरू होतो, हे शोधावे. त्या गिलाव्यातील नक्षी पाहावी. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदलेला आहे. दरवाजावर दोन नावे कोरली आहेत : रचनाकार अताउल्ला आणि बांधकाम करणारा हंसपतराय. बांधणाऱ्याचे नाव बांधकामावर असणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. म्हणून तो दरवाजा अवश्य वाचावा. एक मुसलमान आणि एक हिंदू अशी ती नावे आहेत, हेही सहज ध्यानात येते.

पाणचक्की ही सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळते, आणि पाण्याच्या जोरावर जाते फिरते. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी व वाटसरूंसाठी तेथे पीठ दळले जाई. त्या विस्तीर्ण हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. उन्हाळ्यात त्या दालनात पाऊल टाकले, की वर पाणी असल्याचे अंगाला कळते. किल्ल्यातील हौद सत्तेसाठी होता. हा हौद भुकेल्यासाठी होता. पाण्याच्या दोन उपयोगांतील हा फरक मुले लगेच ओळखतात.

डोंगरातील लेणी

यानंतर विद्यापीठामागील डोंगरावरची बौद्ध लेणी. वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीमुळे इकडे फार कमी लोक येतात. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतील; चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह त्याहून प्राचीन. म्हणजे देवगिरीचा कोट आणि खडकीचा दरवाजा उभा राहण्यापूर्वी कित्येक शतके येथे भिक्खूंचा निवास आणि वाटसरूंची ये-जा होती.

सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे एक शिल्प आहे. आग, दरोडा, बेड्या, बुडते जहाज, हिंस्र पशू अशा संकटांत सापडलेली माणसे त्याच्याभोवती कोरली आहेत. प्रवास करणाऱ्या, जोखीम पत्करणाऱ्या माणसांची भीती येथे दगडात उतरली आहे. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष उपासक आहेत, जवळजवळ माणसाएवढ्या आकाराचे. त्यांची केशरचना आणि दागिने पाहता ती दरिद्री माणसे नव्हेत, हे मी मुलांना प्रामाणिकपणे सांगतो. परंतु ती सारी हात जोडून एकाच जमिनीवर बसली आहेत. शिल्पकाराने त्यांच्यासाठी उंच-सखल पायऱ्या केल्या नाहीत. राजवाड्याच्या दालनात असे दृश्य मला कोठेही आढळले नाही.

नागसेनवन : चौथी राजधानी

पाण्याच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम म्हणजे नागसेनवन. १९३४ मध्ये ज्या भूमीत बाबासाहेबांवर शिपाई नेमला गेला, तीच भूमी त्यांनी १९५० मध्ये उच्च शिक्षणासाठी निवडली. निजामी राजवट १९४८ मध्ये संपली होती. मराठवाड्यात पदवीच्या शिक्षणाची सोय अत्यंत तुटपुंजी होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

नावांकडे लक्ष द्यावे. महाविद्यालयाला नाव मिलिंदाचे आणि परिसराला नाव नागसेनाचे. मिलिंद हा सागल या राजधानीचा ग्रीक राजा. नागसेन हा भिक्खू. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू निर्भयपणे उत्तर देतो, असा तो संवाद. राजधानीत राजाची आज्ञा चालते, हे आपण दिवसभर पाहिलेले असते. येथे राजा विद्यार्थी होऊन बसतो. मला तरी हीच या परिसरातील चौथी राजधानी वाटते. हिला तट नाही, खंदक नाही, अंधारी नाही. हिच्या दरवाजात जात विचारली गेली नाही.

जवळच विद्यापीठाचे गेट आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. त्यासाठी सोळा वर्षे चाललेला लढा, जळालेली घरे आणि गेलेले जीव ज्यांनी पाहिले, ते आपल्या वाचकांतही आहेत. पुरातत्त्व खात्याच्या यादीत हे गेट नसेल. पण दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक ते पाहायला येतात. वारसा कशाला म्हणावे हे लोकही ठरवत असतात, याचा हा पुरावा आहे.

सहल काढणाऱ्यांसाठी

डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. पहिल्या दिवशी सकाळी लवकर दौलताबाद चढावे. ऊन वाढल्यावर चढण जड जाते. अंधारीसाठी विजेरी जवळ असावी. दुपारनंतर खुलदाबाद व वेरूळ. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरची लेणी, मग मकबरा, पाणचक्की, भडकल दरवाजा आणि शेवटी नागसेनवन. हा क्रम उलटा करू नये. किल्ल्यापासून निघून शिक्षणसंस्थेपर्यंत पोहोचणे, यातच सहलीचा अर्थ आहे. घरातील वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे. नामांतराच्या दिवसांच्या त्यांच्या आठवणी कोणत्याही फलकावर मिळणार नाहीत.

आणखी एक गोष्ट आम्ही दरवर्षी करतो. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर सर्व मुलांना गोलाकार उभे करतो आणि १९३४ चा प्रसंग सांगतो. मग प्रत्येक जण आपल्या बाटलीतील पाणी शेजारच्याला पाजतो. कोणी भाषण करीत नाही. त्यानंतर तिकीट काढून, रांगेत, इतर सर्व प्रवाशांबरोबर आम्ही आत जातो. सोबत शिपाई नसतो.

मागील सहलीत रांगेतील एका लहान मुलीने विचारले, "सर, बाबासाहेबांना तेव्हा पाणी कोणी दिलं?" मी तिला म्हणालो, "वेशीपाशी चहा घेऊन जी माणसं थांबली होती ना, ती आपली माणसं."